साउइनची रात्र घरी: स्वीडचा कंदील, ब्रॅक, कोलकॅनन आणि एक जादा पान

आयर्लंडमध्ये ३१ ऑक्टोबरला सूर्य पाचच्या सुमारास मावळतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे गेलेली असतात, त्यामुळे दुपारचा चहा होतो न होतो तोच बाहेर अंधार. साउइन, म्हणजे हिवाळा लागण्याचा जुना केल्टिक सण, सुरू होतो तो याच घटकेला. जुन्या केल्टिक हिशेबात दिवस रात्रीपासून मोजत, म्हणून सण ३१ ऑक्टोबरच्या सूर्यास्तापासून १ नोव्हेंबरच्या सूर्यास्तापर्यंत चालतो. सुगी संपली, डोंगरातल्या उन्हाळी कुरणांवरची गुरं खाली आली, आता थंडी सुरू, अशी ही वेळ.

आधी नाव नीट घेऊ. इंग्रजी स्पेलिंग पाहून लोक 'सामहेन' वाचतात. उच्चार 'साउइन' असा आहे, आयरिश लोक बोलताना तो जवळजवळ 'साउन' करतात. आयरिश भाषेत नोव्हेंबर महिन्याचंही हेच नाव आहे आणि ३१ ऑक्टोबरच्या रात्रीला 'ईहा हाउना' म्हणतात. जगभर पसरलेलं हॅलोविन याच रात्रीतून निघालं.

घरी साजरा करताना चार गोष्टी मनापासून करा, बाकी सोडलं तरी चालेल: दारातला कंदील, ब्रॅक (सुक्या मेव्याचा पाव), कोलकॅनन (केल ही कोबीच्या जातीची पालेभाजी घालून घोटलेले बटाटे) आणि गेलेल्या माणसांसाठी वाढलेलं एक जादा पान. काळे झगे, चेटकिणीच्या टोप्या, बाजारातले सांगाडे यांवाचून या रात्रीचं काही अडत नाही.

मुलं हमखास विचारतील की हे सगळं किती जुनं. खरं तेच सांगा. तारा टेकडीवरचं 'माउंड ऑफ द होस्टेजेस' हे सुमारे ५००० वर्षांपूर्वीचं थडगं आहे, आणि साउइनच्या सुमारास उगवत्या सूर्याचा प्रकाश त्याच्या बोळात शिरतो. मीथ परगण्यातल्या अथबॉय गावाजवळ त्लाख्तगा नावाची टेकडी आहे. तिथे या रात्री मोठा अग्नी पेटवत आणि देशभरातल्या चुली त्यावरून पेटत, असं सतराव्या शतकातल्या जेफ्री कीटिंग या इतिहासकाराने लिहून ठेवलं आहे. बटाटा मात्र आयर्लंडमध्ये आला सोळाव्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे कोलकॅनन ड्रुइडांनी (प्राचीन केल्टिक पुरोहितांनी) खाल्लेलं नाही. आजचे पेगन लोक, म्हणजे ख्रिस्ती धर्माआधीच्या श्रद्धा नव्याने पाळणारे, वर्षाचे जे आठ सण पाळतात, ते आठांचं चक्र विसाव्या शतकाच्या मध्यात ब्रिटनमध्ये जुळवलं गेलं. यामुळे सण खोटा ठरत नाही. १९३७ ते १९३९ या काळात आयरिश शाळांतल्या मुलांनी गावातल्या म्हाताऱ्यांकडून विचारून रीतिरिवाज वहीत उतरवून घेतले. त्यांत या रात्रीचे सफरचंदांचे खेळ, ब्रॅकमधली अंगठी, शेगडीवरचे हेझलनट हे सगळं सापडतं. घराघरांतून आलेली परंपरा ती हीच.

दिवसाबद्दलही घोळ होतो. काही पेगन गट सूर्याच्या स्थितीवरून दिवस काढतात, तो ७ नोव्हेंबरच्या आसपास येतो. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असल्यामुळे तिथले बरेच जण साउइन ३० एप्रिलच्या रात्री करतात. घरात लहान मुलं असतील तर ३१ ऑक्टोबरच धरा. शेजारच्या दारांत कंदील लागलेले असताना आपल्या घरी आठवडाभराने सण करणं मुलांना पटत नाही.

३० तारखेचं काम

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे सगळं ३१च्या दुपारवर ठेवणं. ब्रॅकचा सुका मेवा रात्रभर चहात मुरावा लागतो, आणि ब्रॅक भाजल्यावर एक दिवस ठेवला तर चांगला कापला जातो. म्हणून मेवा २९च्या रात्री भिजवा, ३०ला भाजा. कंदीलही ३०लाच कोरा. आठवडाभर आधी कोरून ठेवलेला कंदील सणाच्या रात्रीपर्यंत सुरकुततो आणि बुरशी धरतो.

कंदील

भोपळा हा अमेरिकेत गेलेल्या आयरिश लोकांनी तिथे धरलेला पर्याय. मायदेशी कंदील टर्निपचा असे. इथे एक गोंधळ टाळा. शब्दकोशात टर्निप म्हणजे सलगम, पांढरा आणि मऊसर. आयर्लंडमध्ये ज्याला टर्निप म्हणतात तो स्वीड: जांभळट साल, आतून पिवळा, दगडासारखा घट्ट. मेयो परगण्यात टर्लो इथे राष्ट्रीय संग्रहालयाची ग्रामजीवनाची शाखा आहे. तिथे डोनेगलमधल्या अशा एका जुन्या कंदिलाचा प्लास्टरचा साचा ठेवलेला आहे. बारीक दात, खोल गेलेले डोळे, आक्रसलेला चेहरा. भोपळ्याचा हसरा चेहरा त्यापुढे फारच सौम्य वाटतो.

स्वीड सव्वा ते दीड किलोचा, शक्य तितका गोल घ्या. लहान घेतला तर आत हात जात नाही आणि ज्योत भिंतीला लागते. फ्रिजमधून काढला असेल तर दोन तास बाहेर ठेवा, कारण गार स्वीडवर सुरी जास्त घसरते. प्रथम बुडाचा पातळ काप काढून तो सपाट बसवा. मग वरून अडीच-तीन सेंटिमीटरचं झाकण एकाच सरळ कापात काढा. दोन्हीकडून कापत मधे भेटायला गेलात तर झाकण नीट बसत नाही.

आता कडेपासून एक सेंटिमीटर सोडून सुरीच्या टोकाने गोल आखा. आतल्या गरावर उभ्या-आडव्या रेघा मारून चौकटी पाडा, दोन सेंटिमीटर खोल. मग जाड पोलादी चमच्याने चौकटी उचकटून काढा, परत रेघा, परत चमचा. पातळ चमचा वाकतो. घरात ड्रिल असेल तर १० मिलिमीटरच्या पात्याने गरात दहाबारा भोकं पाडून घ्या, निम्मी मेहनत वाचते. ते पातं गरम पाण्याने धुतलेलं असावं, कारण हा गर खायचा आहे. एकूण तासभर, कधी दीड तास लागतो. मायक्रोवेव्हमध्ये मऊ करून कोरायची युक्ती काही जण सांगतात. कोरायला सोपं जातं हे खरं, पण शिजलेली भिंत दुसऱ्या दिवशी लिबलिबीत होते.

भिंत सर्वत्र एक सेंटिमीटर राहिली की डोळे आणि तोंड कोरा. चेहरा मुलांनी पेनाने काढायचा, सुरी मोठ्या माणसाने धरायची. दुसऱ्या हाताचा अंगठा सुरीच्या वाटेत येऊ देऊ नका. बहुतेक जखमा तिथेच होतात. झाकणात बोटभर रुंदीचं धुराडं हवंच. ते नसेल तर मेणबत्ती हवेअभावी विझते, किंवा झाकण आतून भाजून जळक्या गराचा वास घरभर सुटतो. टांगायचा असेल तर कडेखाली समोरासमोर दोन भोकं पाडून तारेची कडी ओवा. सुतळी ज्योतीजवळ नको. लहान मुलं हातात घेऊन फिरणार असतील तर बॅटरीवरची छोटी मेणबत्ती घाला.

काढलेला गर टाकू नका. मिठाच्या पाण्यात २०-२५ मिनिटं उकडून, पाणी पूर्ण निथळून, लोणी आणि भरपूर मिरपूड घालून घोटला की कोलकॅननशेजारी वाढायला छान. पाणी नीट निथळलं नाही तर मात्र पानात पाझर सुटतो.

ब्रॅक

पूर्ण नाव बार्मब्रॅक, आयरिशमध्ये 'बारीन ब्रॅक', म्हणजे ठिपक्याठिपक्यांचा पाव. मूळचा यीस्टने फुगवलेला. घरात सोपा पडतो तो चहाचा ब्रॅक. तो आधी सांगतो.

एका ब्रॅकला (९०० ग्रॅमचा, म्हणजे दोन पौंडी लांबट साचा): बेदाणे, मनुका आणि काळ्या बारीक मनुका मिळून ३७५ ग्रॅम, कडक कोरा चहा ३०० मिली, ब्राऊन शुगर १५० ग्रॅम, सेल्फ-रेझिंग पीठ २५० ग्रॅम, मिक्स्ड स्पाइस (दालचिनी, जायफळ वगैरेंचा गोड पदार्थांचा मसाला) १ छोटा चमचा, अंडं १, एका संत्र्याची किसलेली साल. सेल्फ-रेझिंग पीठ नसेल तर २५० ग्रॅम मैद्यात अडीच छोटे चमचे बेकिंग पावडर आणि चिमूटभर मीठ मिसळून दोनदा चाळा.

गरम चहात साखर विरघळवा, मेवा घाला, झाकून रात्रभर ठेवा. सकाळी मेवा टपोरा झालेला दिसेल आणि तळाशी थोडा चहा उरलेला असेल. तो निथळायचा नाही, पिठाला ओल त्याचीच. त्यात फेटलेलं अंडं आणि संत्र्याची साल घाला, मग पीठ आणि मसाला घालून लाकडी चमच्याने कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंतच ढवळा. जास्त ढवळलं की पाव चिवट होतो. मिश्रण चमच्यावरून जड गोळ्यासारखं पडलं पाहिजे. धार लागत असेल तर मेव्याने चहा कमी प्यायला आहे, दोन मोठे चमचे पीठ वाढवा. अशा पातळ मिश्रणात मेवा तळाला बसतो आणि बूड कच्चट राहतं.

साच्याला बेकिंग पेपर लावून १७० अंश सेल्सियसवर (पंखा असलेल्या ओव्हनमध्ये १६०) साधारण सव्वा तास भाजा. साखर आणि मेवा दोन्ही भरपूर, त्यामुळे वरची बाजू लवकर काळपटते. ४५ मिनिटांनी वर फॉइल सैल टाका. मधोमध खुपसलेली काडी स्वच्छ निघाली की झालं. साच्यातच १० मिनिटं ठेवून बाहेर काढा, पूर्ण निवल्यावर कागदात गुंडाळून ठेवा. गरम कापला तर भुगा होतो.

यीस्टचा ब्रॅक करायचा असेल तर ४५० ग्रॅम ब्रेडचं पीठ, ७ ग्रॅम सुकं यीस्ट, साखर आणि लोणी प्रत्येकी ६० ग्रॅम, कोमट दूध सुमारे २२५ मिली, एक अंडं आणि ३०० ग्रॅम मेवा असं प्रमाण धरा. मेवा पहिल्या फुगवणीनंतर घाला. दालचिनी अर्ध्या छोट्या चमच्यापुढे नको, जास्त दालचिनीने यीस्ट मंदावतं आणि पीठ तासन् तास हलत नाही. पृष्ठभागावर डोकावणारे बेदाणे आत दाबा, नाहीतर तेवढेच जळून कडू होतात.

आता आतल्या खुणा. ज्याच्या फोडीत अंगठी येईल त्याचं वर्षभरात लग्न, नाणं आलं तर पैसा, चिंधी आली तर ओढगस्त, वाटाणा आला तर यंदा लग्न नाही, काडी आली तर संसारात भांडणं. आमच्या मते काडी सरळ वगळावी. नवऱ्याने बायकोवर उगारायची काठी हा तिचा जुना अर्थ, तो मुलांसमोर गंमत म्हणून सांगण्यासारखा नाही. चिंधी ठेवायला हरकत नाही. वाईट काही येऊच शकत नसेल तर फोड उघडताना जीव धडधडत नाही.

प्रत्येक खूण बेकिंग पेपरच्या तुकड्यात घट्ट गुंडाळा, पुडी निदान अक्रोडाएवढी मोठी करा. चहाच्या ब्रॅकमध्ये पुड्या भाजण्याआधी घातल्या की तळाला जातात. म्हणून ब्रॅक निवल्यावर बुडाला सुरीने चिरा पाडून त्यात सरकवा. कापण्यापूर्वी टेबलावर सगळ्यांना स्पष्ट सांगा की आत पुड्या आहेत. दात तुटण्याची भीती खरी आहे. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर ब्रॅकमध्ये काहीच लपवू नका. घडी केलेल्या चिठ्ठ्यांवर अंगठी, नाणं, चिंधी यांची चित्रं काढून ती ताटल्यांखाली ठेवा.

कोलकॅनन

या रात्रीचं जेवण बिनमांसाचं असतं. ही कॅथलिक काळातली देणगी: १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या सणाच्या आदल्या दिवशी मांस वर्ज्य असे, म्हणून बटाटा, केल, लोणी, सफरचंद यांवर सगळी मदार. त्याआधी हा गुरं कापून हिवाळ्याची बेगमी करण्याचा काळ होता, त्यामुळे काही पेगन घरांत मटणाचा स्ट्यूही रांधतात. पण कोलकॅनन नीट केलं तर ताटात दुसरं काही लागत नाही.

पाच-सहा माणसांना: पिठूळ बटाटे दीड किलो, देठ काढलेली केल ३०० ग्रॅम, पातीचे कांदे ८, दूध २५० मिली, लोणी १२५ ग्रॅम आणि वर घालायला आणखी, मीठ, मिरपूड.

बटाट्याची जात इथे सगळं ठरवते. आयर्लंडमध्ये रूस्टर किंवा केर्स पिंक घेतात, उकडल्यावर सालीला तडे जातात अशी पिठूळ जात. चिकट, मेणट बटाटा कितीही घोटला तरी गुठळ्या राहतात. बटाटे सालीसकट गार मिठाच्या पाण्यात घालून मग आच लावा. उकळत्या पाण्यात टाकले तर बाहेरून फुटतात आणि आत कच्चे राहतात. आकाराप्रमाणे २५ ते ३५ मिनिटं. पाणी ओतून पातेलं मंद आचेवर दोन मिनिटं ठेवा, वाफ निघून जाऊ द्या. साली गरम असतानाच काढायच्या, फडक्यात धरून.

तोवर दुसऱ्या पातेल्यात केल खळखळत्या मिठाच्या पाण्यात चार-पाच मिनिटं उकडा, चाळणीत दाबून पाणी काढा आणि बारीक चिरा. मुठीत घेऊन पुन्हा एकदा पिळा. कोलकॅनन पचपचीत होतं ते जवळजवळ नेहमी केलच्या पाण्याने. दुधात चिरलेला पातीचा कांदा घालून पाच मिनिटं मंद आचेवर ठेवा.

बटाटे हाताच्या मॅशरने घोटा. मिक्सर किंवा फूड प्रोसेसर अजिबात नको: पात्यांनी बटाट्यातलं पीठ मोकळं होऊन डिंकासारखा चिकट गोळा होतो, आणि तो परत सुधारत नाही. आधी लोणी, मग कांद्याचं गरमागरम दूध थोडं थोडं, शेवटी केल. दूध गार घातलं तर लगदा जड होतो. प्रत्येकाच्या ताटात ढीग करून मधे चमच्याने खड्डा पाडा, त्यात चमचाभर लोणी सोडा. घास कडेने घ्यायचा आणि त्या तळ्यात बुडवून खायचा. पूर्वी यातही नाणं लपवत. ब्रॅकमध्ये असेल तर इथे पुन्हा नको, मऊ घासात नाणं गिळलं जायची शक्यता जास्त.

सफरचंद आणि ब्लॅकबेरी

साउइननंतर ब्लॅकबेरी तोडू नये, त्यांवर पूका थुंकतो, असं आयरिश मुलांना सांगत आले आहेत. पूका म्हणजे काळ्या घोड्याच्या रूपात हिंडणारं खोडकर भूत. नोव्हेंबरातली ब्लॅकबेरी पाणचट आणि बुरसटलेली असते, तेव्हा सांगण्यात तथ्य आहे. सप्टेंबरात तोडून गोठवलेल्या वापरा: ८०० ग्रॅम ब्रॅमली (शिजवायच्या आंबट) सफरचंदाच्या फोडी, २०० ग्रॅम ब्लॅकबेरी आणि १०० ग्रॅम साखर पसरट भांड्यात घाला. १५० ग्रॅम मैदा, ७५ ग्रॅम ओट्स, ९० ग्रॅम साखर आणि ११० ग्रॅम गार लोणी बोटांनी चोळून त्याचा चुरा वर पसरा. १८० अंशांवर ४० मिनिटं. गोठलेली फळं आधी विरघळवायची नाहीत, पाणी सुटतं.

खेळही सफरचंदांचेच. डॅनिएल मॅक्लिस या कॉर्कच्या चित्रकाराचं १८३३ सालचं 'स्नॅप-ॲपल नाइट' हे चित्र याच रात्रीचं आहे. जुन्या खेळात छतापासून लाकडी फुली टांगून तिच्या टोकांना सफरचंदं आणि पेटत्या मेणबत्त्या लावत, आणि गरगरत्या फुलीवरचं सफरचंद दातांनी पकडायचं असे. मेणबत्त्या वगळा. दोरीला टांगलेली सफरचंदं पुरतात, हात पाठीमागे बांधून. देठाला दोरी बांधली की सफरचंद पहिल्याच चाव्याला पडतं. म्हणून जाड सुईने दोरी आरपार ओवून खाली गाठ मारा. पाण्याच्या टबातून तोंडाने सफरचंद उचलण्याच्या खेळात लहान मुलांजवळ सतत मोठं माणूस हवं.

शेगडी असलेल्या घरात दोन हेझलनट दोघांच्या नावाने निखाऱ्याशेजारी ठेवतात. शांतपणे शेजारी जळले तर जोडी टिकणार, एखादा फुटून उडाला तर बिनसणार. ते खरंच जोरात उडतात, जाळी लावल्याशिवाय खेळू नका.

संध्याकाळचा क्रम

सूर्य मावळला की घरातले सगळे दिवे बंद करा. मिनिटभर अंधारात बसा. मग घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाने एक मेणबत्ती पेटवायची, तिच्यावरून प्रत्येकाने आपली, आणि शेवटी सर्वांत लहान मुलाने (हात धरून) दारातला कंदील. त्लाख्तगाच्या अग्नीची ही घरगुती आवृत्ती. दहा मिनिटांत होते, आणि मुलांच्या ती सर्वांत जास्त लक्षात राहते. मेणबत्त्या खिडकीच्या पडद्यांपासून दूर ठेवा.

अंगणात मोठी होळी पेटवायचा मोह आवरा. आयर्लंडमध्ये कचरा, टायर, पॅलेट जाळून केलेल्या अशा होळ्या कायद्यात बसत नाहीत आणि नगरपालिका साठवलेलं सामान आधीच उचलून नेतात. फटाक्यांचंही तसंच, परवान्याशिवाय बाळगणंही गुन्हा. तरी ते वाजतात. कुत्री-मांजरं चारच्या आधी घरात घ्या.

यानंतरचे दोन-तीन तास दाराची घंटा वाजत राहणार. वेश बदललेली मुलं येतात, त्यांना द्यायला कवचाचे दाणे, छोटी संत्री, सफरचंदं, चॉकलेटं असं काहीतरी टोपलीत दाराशी ठेवा. जुनी रीत सुकामेवा आणि फळांचीच. अनेक घरांत शांत जेवण सहा वाजता सुरू करतात आणि पाच वेळा उठावं लागतं. लहान मुलांना सहाला वाढून द्या, खेळ होऊ द्या, आणि मुख्य जेवण आठला ठेवा. दारातला कंदील आत घेतला की आता कोणी येऊ नये ही खूण गल्लीत सगळ्यांना कळते. कोलकॅनन आधी झालं असेल तर लोणी लावलेल्या फॉइलखाली १२० अंशांच्या ओव्हनमध्ये अर्धा तास टिकतं. त्याहून जास्त ठेवलं तर केल पिवळी पडते.

जादा पान

या रात्री दोन जगांमधला पडदा विरळ होतो, गेलेली माणसं घराकडे येतात, असा साउइनचा गाभा आहे. २ नोव्हेंबरला, ऑल सोल्स या सर्व मृतात्म्यांच्या सणाच्या रात्री, आयरिश घरांत दाराला कडी लावत नसत, शेगडीत विस्तव ठेवत आणि पाण्याचा वाडगा मांडत. आजचे पेगन लोक हेच साउइनच्या जेवणात आणतात.

टेबलाला एक खुर्ची जास्त लावा. तिच्यासमोर घरातली चांगली ताटली, पेला भरून पाणी आणि एक मेणबत्ती. कोलकॅननचा पहिला चमचा आणि ब्रॅकची पहिली फोड त्या ताटलीत. ती पहिली फोड खुणेशिवायची निघेल अशी बाजू आधी ठरवून ठेवा. फोटो ठेवायचे तर दोन-तीनच. भिंतभर फोटोंनी टेबल दुखवट्याच्या सभेसारखं दिसायला लागतं.

बसल्यावर एकेकाने एक नाव घ्यायचं, आणि त्या माणसाची एक ठोस गोष्ट सांगायची: काय चवीने खायचा, कोणतं गाणं म्हणायची, कशावरून चिडायचा. 'फार चांगले होते' एवढ्याने माणूस डोळ्यांसमोर उभा राहत नाही. ज्याने आजीला पाहिलंच नाही अशा नातवाला विचारायला सांगा, नाव घ्यायला भाग पाडू नका. मग जेवणाचा पहिला भाग मौनात. काही पेगन गट पूर्ण जेवण मौनात करतात. मुलं असलेल्या घरात दहा मिनिटांपेक्षा जास्त ताणू नका. मुलांना हसू फुटलं तर दटावू नका. मेणबत्ती अमुक इथपर्यंत वितळेस्तोवर गप्प, अशी दिसणारी खूण दिली की त्यांना जमतं.

यंदाच कोणी गेलं असेल तर टेबलाला बसणाऱ्या प्रत्येकाला हे आधी सांगून ठेवा. अचानक समोर आलेली रिकामी खुर्ची पेलत नाही. ज्याला नको असेल त्याला स्वयंपाकघरात काहीतरी काम देऊन मोकळं करा. आणि मुलांना घाबरवून गप्प बसवण्यासाठी येणाऱ्या आत्म्यांचा धाक घालू नका. आजोबांसाठी वाढलेल्या पानाची भीती एकदा बसली की पुढच्या वर्षी ते मूल टेबलाजवळ येत नाही.

मौन संपल्यावर बाकीचा ब्रॅक कापा, पुड्या उघडा, आणि मग घर जितकं गाजेल तितकं गाजू द्या. झोपताना त्या ताटलीजवळची मेणबत्ती मात्र विझवा. रात्रभर जळती ठेवायचीच असेल तर पाण्याच्या पसरट भांड्यात उभी करा.

दुसरी सकाळ

जादा पानातलं अन्न झाडाखाली मातीत पुरतात. उघड्यावर ठेवू नका: बेदाणे, मनुका आणि कांदा कुत्र्यांना विषारी असतात, आणि ब्रॅक-कोलकॅननमध्ये हे सगळंच आहे. कंदिलातली मेणबत्ती आणि तार काढून तो खतात टाका. उरलेल्या ब्रॅकच्या फोडी तव्यावर शेकून लोणी लावून खा, कागदात गुंडाळलेला तो पाच-सहा दिवस चांगला राहतो. उरलेलं कोलकॅनन रात्री फ्रिजमध्ये ठेवलेलं असेल तर आता घट्ट झालेलं असतं. त्याच्या बोटभर जाड टिक्क्या करा, पिठात घोळवा आणि लोण्यावर मध्यम आचेवर सोडा. पहिली बाजू खमंग तांबूस होऊन स्वतःहून सुटेपर्यंत, चारेक मिनिटं, कालथा लावू नका.